बिरूअण्णांनी काढलेली आई

खटकचिंचोळीहून फोन आला, "बिरूअण्णा गेले." मला रडू आलंच नाही. आठच दिवसांपूर्वी त्यांच्या अंथरुणाशी बसून मी नको ते बोलले होते, आणि आता ते परत घ्यायला माणूसच उरलं नव्हतं... महिना उलटून गेला, तरी इथं आळंदच्या शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात मध्येच थांबतो.

अण्णा आमच्या गावचे चित्रकार. आजा-पणजा मेंढरं वळणारे, ह्यांनी धरला ब्रश. आयुष्यभर दोनच गोष्टी काढल्या, माणसं आणि रानं. बहुतेक माणसं मेलेली, ज्यांचा एकही फोटो नाही अशी. आधी त्या माणसाच्या शेतात बांधावर दिवसभर बसायचं, ते रान कापडावर उतरवायचं आणि मध्ये तोंडापुरती जागा कोरी ठेवायची, ही त्यांची रीत. मग नातलगांना ओळीनं बसवून विचारायचे, "कपाळ कुणावानी व्हतं? हनुवटी कुणाची?" त्यावरून घराघरांत जी जुंपायची, काय सांगू!

माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची. तिचाही फोटो नव्हता. पुढं गावातली पोरं पुण्या-हैदराबादच्या कारखान्यांकडं निघाली, त्यात माझा धाकटा भाऊही होता. पण आईच्या पाया पडल्याशिवाय गाडीत बसणार नाही म्हणून हटून बसला. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, अण्णांना बोलावलं. मावशी म्हणाली, "नाक माझ्यावानी व्हतं." अप्पा खेकसले, "गप! पोरगीच तिच्यावानी हाय." झालं! मला तीन दिवस बाजेवर बसवलं. मी सतरा वर्षांची, मान आखडून गेली. चित्र बघून अप्पा ढसाढसा रडले, भाऊ पाया पडून पुण्याला गेला. सगळ्यांना आई मिळाली, माझी मात्र गेली. तोवर मला तिचं थोडंथोडं आठवायचं, भाकरी थापता थापता वळून बघणं तेवढं तरी नक्की. त्यानंतर डोळे मिटले की ती तसबीरच दिसायची, म्हणजे मीच!

माझा स्वभाव मुळातच जिवाला घोर लावून घेणारा. मावशी गेली, मागोमाग अप्पा गेले. आईला नीट पाहिलेलं माणूस उरेना, तसा हा घोर वाढतच गेला. खरी कशी होती ती? विचारायचं कुणाला? तसबीर माझ्या घरी आली, पण तिच्याकडं मान वर करून बघायची छाती होईना.

दरम्यान गावोगावी फ्लेक्स आले, अण्णांचं काम आटलं. त्यांनी अंथरूण धरलं म्हणून कळल्यावर मी भेटायला गेले. "सुमन व्हय? शाळा बरी चालायलीय न्हवं?" त्यांनी मायेनं विचारलं. आणि मी, एवढी शिकलेली बाई, काय बोलावं? "अण्णा, तुम्ही माझी आई पुसून टाकलीत. तिच्या जागी मला कामून बसवलंत?" "चुकलंच आसंल, बाई," अण्णा एवढंच म्हणाले. मी चहासुद्धा न घेता उठून आले. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते काय खोटं आहे?

त्यांचे दिवस झाल्यावर मी गावी गेले. त्यांच्या बायकोनं, नागम्माअक्कांनी, मला त्यांच्या कामाच्या खोलीत नेलं. भिंतीकडं तोंड करून एक चित्र ठेवलेलं होतं, ते त्यांनी खिडकीपाशी आणून वळवलं. जोंधळ्याचं रान, बांधावर बाभळ, लांब मेंढरं, पान न् पान काढलेलं. मध्ये तोंड नव्हतं.

"कुणाचं हे, अक्का?"

"त्यांच्या आईचं. ह्यांना जलम दिऊन चौथ्या दिवशी गेली. ना बहीण, ना मावशी, कुणाला बसवावं? आरशात बघून किती डाव काढलं आन् पुसलं. म्हणायचे, ह्या मिशीवाल्या तोंडात आई गवसंना बघ." अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. "तुझ्या आईचं काम झालं त्या दिवशी जेवले न्हाईत. म्हणाले, नशीबवान हाय पोरगी, आई तोंडावर घिऊन हिंडायलीय."

पुसून पुसून त्या जागचं कापड इतकं पातळ झालं होतं, की मागच्या खिडकीचा उजेड त्यातून येत होता. मी खाली बसले, डोकं टेकलं. "चुकलं माझं," म्हटलं. अण्णांना सांगायचं राहून गेलं होतं... त्यांच्या आईला सांगितलं.