रिकाम्या हॉलचा आवाज

मशीनच्या खोलीत मावशींचं राज्य होतं. सिनेमा दाखवण्याचं काम त्यांना यजमानांनी शिकवलं आणि ते गेल्यावर ती जागाही त्यांच्याकडेच आली. "बाईमाणसाला झेपेल का?" असं विचारणारा मालक आता त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता.

यजमान गुणी माणूस, पण एक खोड. काम करताना दातांतून शीळ घालायचे, तीही बेसूर. "आपल्याकडे शिट्टीचा कुकर घ्यायला नको, तुम्ही आहात," असं मावशी म्हणायच्या. गंमत अशी, की कुणी आपल्याकडे बघतंय हे कळलं की शीळ बंद. लाजायचे बिचारे. म्हणून मावशी पाठ फिरवूनच ऐकायच्या. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

दरवर्षी चित्रपट महोत्सव आला की हॉलची कळा पालटायची. एरवी बड्या नटांचे सिनेमे. त्या आठवड्यात मात्र ज्यांना कुत्रं विचारत नाही अशा नवख्यांचे. घरी लॅपटॉपवर जुळवलेलं आपलं काम ही पोरं इथे पहिल्यांदा भल्यामोठ्या पडद्यावर बघायची, नखं कुरतडत. गर्दीत एखादा निर्माता असायचा, दुसऱ्या महोत्सवाचा माणूस असायचा. सिनेमा संपला की प्रश्नोत्तरं व्हायची, ओळखी व्हायच्या आणि कुणाचं तरी नशीब उघडायचं. बाकीचे मुकाट्याने पिशव्या उचलून जायचे, आणि मावशींचा जीव त्यांच्यासाठीच तुटायचा.

यंदा एक चष्मेवाली पोर आली. तिचा पहिलाच सिनेमा, एका थिएटरच्या द्वारपालावर, गेल्या वर्षी याच हॉलमध्ये केलेला. बाकी महोत्सवांनी नाकारला, इथल्या निवड समितीने घेतला.

"मावशी, उद्या निर्मातीबाई येणार आहेत. त्यांना आवडला तर पुढचा सिनेमा होईल. नाहीतर बाबा म्हणालेत, पुरे झाली थेरं, नोकरी धर."

खेळाच्या आदल्या दिवशी प्रत्येक सिनेमा लावून तपासायचा, ही इथली रीत. दोघीच होत्या. शेवटच्या दृश्यात नुसत्या रिकाम्या खुर्च्या आणि शांतता. रिकाम्या जागेलाही आपला आवाज असतो, तो वेगळा टिपून घ्यावा लागतो; नाहीतर पडद्यावरची शांतता मेल्यासारखी वाटते. तो टिपताना चष्मेवालीने सगळ्यांना बाहेर काढलं होतं. खाली ती, वर मावशी, दोघीही श्वास रोखून.

आता मोठ्या स्पीकरमधून ती शांतता हॉलभर पसरली, आणि तिच्या तळाशी कुणीतरी शीळ घालत होतं. दातांतून. बेसूर.

"मावशी, ही तुमची शीळ?"

"मला कुठली येतेय शीळ!"

"मग तेव्हा इथे कोण होतं?"

"तू आणि मी," मावशी म्हणाल्या.

लॅपटॉपवर हे कुणालाच ऐकू आलं नव्हतं. ना पोरीला, ना समितीला. आता सिनेमा बदलणंही शक्य नव्हतं, महोत्सवाकडे एकदा दिलेली प्रत अंतिम असते. पोर रडकुंडीला आली. "लोक हसतील हो! तेवढ्यापुरता आवाज पूर्ण बंद करा. माझी शपथ आहे."

ज्या आवाजासाठी तीन वर्षं कान आसुसले होते, तोच आपल्या हाताने बंद करायचा. पण गेलेल्या माणसापायी जित्या पोरीचं नुकसान कशाला? त्यांनी मान डोलावली. ती गेल्यावर मात्र त्यांनी शेवट पुन्हा लावला, एकट्याने ऐकला आणि मनसोक्त रडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल भरला. खुर्च्यांचं दृश्य आलं. मावशींनी ठरल्याप्रमाणे आवाज शून्यावर आणला. खाली चिडीचूप.

आणि शीळ सुरू झाली.

मावशींनी बटणाकडे पाहिलं. शून्यच. स्पीकर मुके होते. शीळ खालून येत नव्हती. ती त्यांच्या पाठीमागून येत होती, कोपऱ्यातल्या यजमानांच्या स्टुलाकडून. खोलीच्या उघड्या झरोक्यातून ती खाली उतरली आणि एकेक करत माना वर वळल्या.

मावशींना भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण त्याआधी राग आला. "अहो, गप्प बसा ना," त्या पुटपुटल्या. "पोरीचं वाटोळं कराल!"

शीळ थांबली नाही.

दिवे लागले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. निर्मातीबाईंनी माईक मागून घेतला. "शेवटची शीळ पडद्यावरून नाही, आमच्या पाठीमागून आली. अंगावर काटा आला. तुम्हाला सुचलं तरी कसं? उद्या येऊन भेटा मला."

चष्मेवालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने वर झरोक्याकडे पाहिलं. "ते... ते मावशींचं काम आहे," ती कशीबशी म्हणाली.

सगळा हॉल वर बघून टाळ्या वाजवू लागला. मावशींनी हात हलवला. मानेवरचे केस उभे राहिले होते, डोळे वाहत होते आणि मागे शीळ अजून चालूच होती. एकदाच वळून बघावं, असं त्यांना फार वाटलं.

त्या वळल्या नाहीत.