खोक्यावरचं कुंकू

नारायण गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरच्या स्टँडवर चहा पीत होतो. चहा तसाच राहिला... आणि रडू यायच्या आधी मनात जे आलं ते सांगायची अजून लाज वाटते : आता त्या गाड्यांचं काय होणार?

जानेफळात नारायणची ओळख विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून देणारा म्हणून. जन्मभर एका जुन्या मोटरसायकलवर फिरला. पण घरातल्या कपाटात तळहाताएवढ्या साठ-सत्तर खेळण्यातल्या गाड्या, कंपनीने मोजक्याच काढलेल्या, नंबर टाकलेल्या, खोक्यात बंद. मोबाइलवर त्यांचे भाव तो सोयाबीनच्या भावासारखे रोज पाहायचा. एकही खोकं त्याने कधी उघडलं नाही. मला त्याचं भारी नवल वाटायचं.

“उघडायचीच नाही तं घेतली काऊन बे?” मी विचारायचो.

“उघडली का खेळणं झालं. नाही उघडली तं तुह्या वहिनीच्या म्हातारपणाची सोय. अन् हात नको लावू. खोक्यावर डाग पडला का भाव अर्धा.”

तीस वर्षांची दोस्ती, पण त्या खोक्यांना माझं बोट कधी लागू दिलं नाही पठ्ठ्याने.

तेरवीनंतर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, गाड्या इकून द्या. मी काय करू यायचं?” मी पुण्याचा एक संग्राहक शोधला, फोटो पाठवले. तासाभरात उत्तर आलं : खोक्यांवर लाल डाग आहेत, हा माल चालणार नाही. चष्मा लावून पाहिलं. जवळपास प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट. जुन्या खोक्यांवर तर थरावर थर, मध्येच चिकटलेला तांदळाचा दाणा.

“दसऱ्याले गाडी पुजाच लागते ना,” वहिनी म्हणाल्या. “ते सोताच एकेक खोकं काढून पाटावर मांडून देत.”

मग डागाने भाव उतरतो हे मला सांगावं लागलं. वहिनी म्हणाल्या, “मले एकडावही बोलले नाही...”

मला नारायणचा राग आला. खरं सांगतो, थोडा हेवाही वाटला. मला लांब ठेवणारा हा माणूस दरवर्षी बायकोच्या बोटाखाली आपल्या हाताने भाव उतरवून घेत होता.

एकच खोकं कोरं होतं. आतली निळी गाडी तो जायच्या चार दिवस आधी पार्सलने आली होती. पुण्याच्या माणसाने तिला घरावरचे गळके पत्रे बदलतील एवढा भाव देऊ केला. वहिनी म्हणाल्या, “दसरा होऊ द्या.”

वर्षभर सण करायचा नसतो, असं भावकी म्हणाली. वहिनींचं उत्तर तयार होतं : “सण नाही करत. गाड्यायची पूजा करतो.”

दसऱ्याला गेलो तेव्हा पाटावर सगळी खोकी मांडलेली, भोवती झेंडू. वहिनी ओळीने कुंकू लावत आल्या आणि शेवटच्या निळ्या गाडीपाशी थांबल्या. बोट तसंच लाल.

“भाऊजी, लावू का?”

आठ दिवस फोनवर भाव वाढवून घेतला होता तो मीच. मी ते खोकं आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं आणि त्यांच्या बोटापुढे धरलं.