नकाशावरचे मुक्काम

ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास आला की मला जनवाड्याचं आमचं अंगण आणि तिथं पसरलेला विलायतेचा नकाशा आठवतो. पोलीस ॲक्शन होऊन तीनेक वर्षं झाली होती. थोरला अण्णा शिष्यवृत्तीवर विलायतेला शिकायला जाणार होता आणि सुट्टीत तो अख्खा देश सायकलवर पालथा घालणार होता. वाकड्या हँडलची सायकल भिंतीला टेकवून तो सुतळीनं नकाशावरची अंतरं मोजत होता. आमच्याकडं प्रवास सोयऱ्यांच्या घरांवरून ठरायचा. गुलबर्ग्याला जायचं तरी पहिला मुक्काम आत्याकडं. म्हणून आईनं तूर पाखडता पाखडता विचारलं, “पयल्या मुक्कामाला आपलं कोण हाय?” “कोणी न्हाई, अव्वा.” “दुसऱ्याला?” “तिथंबी न्हाई.” “मग असल्या वाटंनं कामून जायलास?” अण्णा हसला आणि तिला चिडवायला प्रत्येक गावापुढं पेन्सिलीनं ‘कोणी नाही’ लिहीत गेला. शिष्यवृत्ती शेवटी दुसऱ्यालाच मिळाली आणि ती सायकल अण्णाच्या जन्मभर बीदरच्या शाळेपर्यंतच गेली. आता माझी नात नकाशावरच्या त्यातल्याच एका गावात नोकरीला आहे. अण्णाचं अक्षर खोडवेना, म्हणून काल ट्रंकेतून नकाशा काढून मी त्या गावापुढच्या ‘कोणी नाही’खाली लिहिलं, ‘आपली नात आहे, अण्णा. उतर तिच्याकडं.’