साड्यांमध्ये रेकॉर्ड झालेली टेप

आमच्या सनीव्हेलच्या मंडळींत कोणाच्याही घरी पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असलं, की जेवणं झाल्यावर कोणीतरी म्हणतंच, "मिलिंद, ती टेप लाव ना." मिलिंद लावतो. पहिलं गाणं जेमतेम सुरू होतं आणि कोणीतरी म्हणतं, "ते साड्यांचं आठवतंय का?" झालं! पुढे टेप कोणी ऐकत नाही. ती बिचारी कोपऱ्यात वाजत राहते, आणि तिच्याच गोष्टी तिच्या आवाजावर चढून बसतात.

मी या गप्पांत फारशी नसते. गप्प असते म्हणून लोकांना वाटतं, हिच्याकडे सांगण्यासारखं काही नसावं. खरं तर सगळ्यात मोठा साठा माझ्याकडेच आहे. टेप तयार होत होती त्या घरात मीच तर राहत होते. बोलायला जमत नाही, म्हणून लिहून टाकते. शिवाय या मंडळींचे आभार मानायचे राहिलेत, आणि तोंडावर मानले तर कुमुदकाकू रागावतात.

* * *

लग्न करून नाशिकहून इथे आले तेव्हा माझ्या दोन बॅगांपैकी एक नुसती साड्यांची होती. आईचा आग्रह होता. तिकडे कोण बघणार आहे, असं मी म्हणाले होते, पण बोलून उपयोग नसला की मी बोलणं सोडून देते.

पहिल्याच सकाळी साड्या लावायला म्हणून बेडरूममधलं क्लॉझेट उघडलं. इथे कपाट म्हणजे एक छोटी खोलीच असते, आत चालत जाता येतं. त्यात एकही कपडा नव्हता. एक लांबलचक कीबोर्ड, कॅसेटवर रेकॉर्डिंग करायचं एक मशीन, छोटा स्पीकर, त्याच्या तोंडाशी माइक, आणि सगळीकडे वायरी.

मिलिंद मागे उभा होता. आमची ओळख तोवर फार तर चार-पाच भेटींची.

"हे सप्टेंबरपर्यंत राहू दे," तो म्हणाला. "प्लीज."

मग त्याने सगळं सांगितलं. दिवसा तो कंपनीत चिप डिझाइन करायचा, आणि उरलेल्या वेळात एकट्याने एक अल्बम करत होता. सिंथ-पॉप, म्हणजे वाद्यांऐवजी यंत्रातून निघणाऱ्या आवाजांवरची गाणी. गाणी त्याची, आवाज त्याचा, ढोलसुद्धा त्याचेच, बटणांतून निघणारे. फक्त सिंथेसायझर, म्हणजे तो लांबलचक कीबोर्ड, त्याचा नव्हता. तो ग्लेनचा. ग्लेन म्हणजे ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस. तो सप्टेंबरात नोकरी सोडून ऑरेगनला जाणार होता, आणि कीबोर्ड त्याच्याबरोबर जाणार. त्या कीबोर्डमधून निघणारा धुक्यासारखा आवाज दुसऱ्या कशातून निघत नव्हता, आणि तसा नवा घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. म्हणजे सप्टेंबरपर्यंत झाला तर अल्बम. नाहीतर कधीच नाही.

मी म्हटलं, "बरं." आणि वरच्या दांडीवर, वायरींना धक्का न लावता, साड्या टांगल्या.

संध्याकाळी मिलिंद आत गेला आणि थोड्या वेळाने टाळ्या वाजवल्याचा आवाज आला. बघते तर हा एकेका साडीजवळ जाऊन टाळी वाजवतोय, कान देऊन ऐकतोय. त्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून घुमायचा म्हणे. आता साड्यांनी तो पिऊन टाकला होता. माझ्याकडे वळून त्याने विचारलं,

"अजून आहेत का गं?"

माझ्या माहितीत बायकोला हा प्रश्न विचारणारा तो एकटाच नवरा आहे.

* * *

अजून नव्हत्या. मग कुमुदकाकूंना कळलं.

कुमुदकाकू आणि वसंतकाका वीसेक वर्षांपूर्वी इथे आलेले. आमच्या पलीकडच्या रस्त्यावर त्यांचं घर. नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीला ड्रायव्हिंग कोण शिकवणार, हिंग कुठे मिळतो, हे सगळं काकूंच्या खात्यात. त्यांच्याकडच्या साड्या वर्षानुवर्षं सुटकेसमध्ये पडून होत्या. नेसायचे प्रसंग थोडे आणि गुडघे दुखरे.

काकू सुटकेस घेऊनच आल्या. "जड काठाच्या देऊ का हलक्या?"

"जड," मिलिंद म्हणाला.

"बघ," काकू मला म्हणाल्या, "इतक्या वर्षांत आमच्या ह्यांना काठ दिसला नाही."

तयार झालेली पहिली गाणी मिलिंदने सगळ्यांना ऐकवली, तेव्हा काकू डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "छान आहे. माझी पैठणी कुठल्या गाण्यात आहे?"

मला वाटलं, हा हसेल. मिलिंदने गंभीरपणे विचार केला. "दुसऱ्यात. पहिल्यात नुसत्या इरकली होत्या."

"तरीच," काकू म्हणाल्या. "दुसरं भारी वाटलं."

* * *

गप्प असण्याबद्दल मी जन्मभर बोलणी खाल्ली आहेत. शाळेत बाई, घरी आत्या, लग्न ठरताना तर सगळेच. "मुलगी चांगली आहे, पण बोलत नाही." त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं त्यासाठी कौतुक केलं. काकू ज्याला त्याला सांगायच्या, "माइक चालू असला की ही शिंकतसुद्धा नाही. अशी बायको मिळायला नशीब लागतं हो!"

शिंकत नव्हते, पण एकदा भात लावून विसरले. आत मिलिंद एका अगदी संथ गाण्याचा शेवटचा भाग वाजवत होता, आणि बाहेर कुकरची शिट्टी झाली. लांबलचक, भरपूर वाफेची. तो बाहेर आला तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते, आता काय ऐकावं लागणार म्हणून.

"शिट्टी गाण्यात नीट बसलीय," तो म्हणाला. "राहू दे."

काकूंची लीना इथेच जन्मलेली, हायस्कूलमधली. आमच्या मंडळींत सिंथ-पॉप कशाशी खातात हे कळणारी ती एकटीच. तिने ते गाणं हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाली, "ओह, आय लव्ह द ट्रेन. सो लोनली."

आमच्या घराजवळून ट्रेन जाते, त्यामुळे तिला शंका यायचं कारण नव्हतं. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. सांगावं की नाही?

"बासमतीची होती," मी म्हटलं.

त्या घोळक्यात मी स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य. पुढे बराच वेळ कोणाला हसू आवरेना, आणि त्या दिवसापासून मला वाढताना काकू "पाहुणी" म्हणेनाशा झाल्या.

* * *

गाणी इंग्रजीत आहेत. त्यांत दिवे, पाऊसभरल्या काचा, दूर जाणाऱ्या गाड्या असं बरंच काही आहे, आणि प्रत्येकात एक 'यू' आहे. वसंतकाका इंजिनिअर, कुठलीही गोष्ट मोघम राहिलेली त्यांना चालत नाही. भर पॉटलकमध्ये त्यांनी विचारलं, "ही 'यू' कोण?"

सगळे आधी मिलिंदकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. गाणी लग्नाच्या आधी लिहिलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी वाटीतली कोशिंबीर फार लक्षपूर्वक खाल्ली.

"कोणी नाही काका. गाण्यात लागतं."

"इट्स सिंथ-पॉप, बाबा," लीना म्हणाली. "देअर इज ऑलवेज अ यू."

"कोणी नाही, तर मग हिचं नाव घाल की," काका म्हणाले. "जागा रिकामीच आहे."

पुढचे काही दिवस मिलिंद क्लॉझेटमध्ये जाऊन प्रयत्न करत होता. मला बाहेर ऐकू यायचं. दार उघडून एक दिवस तो आला आणि अगदी अपराध्यासारखा म्हणाला, "नाही बसत गं. अनुराधा फार लांब होतं."

"'यू'च ठेव," मी म्हटलं. "मला कळतं."

* * *

आता सांगलीच्या कॅसेटबद्दल. हा किस्सा सांगताना सगळे हसतात, पण तेव्हा घरात कोणी हसत नव्हतं.

पत्र लिहायला मिलिंदला कंटाळा, आणि फोन म्हणजे तिकडच्यांना शेजाऱ्यांकडे जाऊन ताटकळत बसणं. त्यामुळे तो सांगलीला आईंना कॅसेट पाठवायचा. घरी बसून रेकॉर्डरसमोर बोलायचं, आणि भारतात जाणाऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायची. तिकडे सगळी गल्ली मिळून ऐकायची. ऑगस्टमध्ये मंडळींतलं एक कुटुंब निघालं तेव्हा त्यांच्याकडे अशीच कॅसेट दिली.

ते विमानात बसल्यावर मिलिंदने गाणं पुढे करायला म्हणून मशीन सुरू केलं, आणि त्यातून त्याचाच आवाज, दुप्पट घाईने चिवचिवत आला: "ती. आईस सा. न. वि. वि." तो बोलायचासुद्धा पत्रासारखाच.

शेवटचं गाणं, सगळ्यात लांब, सगळ्यात लाडकं, जवळजवळ पुरं झालेलं, ते सांगलीला चाललं होतं. दोन्ही कॅसेट एकाच कंपनीच्या आणि दोन्हींवर काहीही लिहिलेलं नाही. ऑफिसात चिपच्या प्रत्येक पायाला नाव देणारा हा माणूस.

ती सप्टेंबरच्या आत परत येणं शक्य नव्हतं. गाणं पहिल्यापासून करायचं, आणि कीबोर्ड जायला थोडेच दिवस उरलेले. मिलिंद नुसता क्लॉझेटमध्ये जाऊन साड्यांच्या खाली बसून राहिला. मी चहा आत नेऊन ठेवला आणि तिथेच बसले. त्याने टेकायला थोडी जागा करून दिली. बस, एवढंच.

आणि मग सांगलीहून ट्रंक कॉल आला. मिलिंद ऑफिसात होता. आई ओरडून बोलत होत्या.

"अनुराधा, खरं सांग. मिलिंदला काय झालंय?"

मिलिंदचं मशीन कॅसेट दुप्पट वेगाने पळवतं आणि दोन्ही बाजू एकदमच वापरतं. तीच कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरवर लावली, की एका बाजूला सगळं निम्म्या वेगाने वाजतं आणि दुसऱ्या बाजूला उरलेलं उलटं. आईंनी गल्ली जमवून पोराची कॅसेट लावली होती. पोराचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, खर्जात, एकेक शब्द ओढत. आणि बाजू बदलली तर भलत्याच भाषेत.

"काही झालं नाही, आई. ते गाणं आहे!" मी तारेवरून ओरडले.

"गाणं? एवढं सावकाश?" मग म्हणाल्या, "आम्ही डॉक्टर कुलकर्ण्यांना बोलावून ऐकवलं. ते म्हणाले, त्याला तिकडची हवा मानवलेली नाही."

* * *

आणि हा किस्सा ग्लेनचा.

ग्लेन शनिवारी संध्याकाळी कीबोर्ड न्यायला येणार होता. तोवर गाणं होईल असा मिलिंदचा हिशेब होता. शेवटचा कीबोर्डचा भाग तेवढा उरला होता. आधीच दोनदा मुदत वाढवून मागितलेली, तिसऱ्यांदा मागायची नाही हे त्याने ठरवलेलं. ग्लेनने कधी ब्र काढला नव्हता, म्हणून तर आणखीच लाज.

त्या शनिवारी गौरीचं जेवण आमच्याकडे होतं. इथे गौरी येतात त्या सोयीने, शनिवार-रविवार बघून. काकू सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटत होत्या, काका पानं मांडत होते, आणि आत मिलिंद वाजवत होता. दुपारी बाराच्या सुमारास बेल वाजली. दारात ग्लेन. लांबचा प्रवास, उजेडात निघावं म्हणून लवकर आला होता. खाली व्हॅन उभी.

मिलिंद बाहेर आला आणि त्याच्या तोंडावरचा रंगच गेला.

"मी... कीबोर्ड पॅक करतो," तो इंग्रजीत म्हणाला, आणि आत जाता जाता हळूच मराठीत, "थोडा वेळ हवा होता गं." दार लागलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी ग्लेनकडे पाहिलं. "प्लीज सिट," मी म्हटलं.

पहिली पोळी त्याने कौतुकाने खाल्ली. दुसरीसुद्धा. मग त्याने पोटावर हात ठेवला. आग्रह करणं मला कधीच जमलेलं नाही. समोरच्याने ताटावर हात धरला की मी मुकाट्याने मागे फिरते; आग्रहाला तोंड लागतं. पण आतून गाण्याची सुरुवात ऐकू यायला लागली होती, आणि ते लांब गाणं होतं.

"जस्ट वन," मी म्हटलं. "इट इज व्हेरी लाइट." पोळीवरून तूप ओघळत होतं.

"ही गौरीची," काकूंनी पुढची वाढली. "नाही म्हणायचं नसतं."

मग कटाची आमटी. मग तिच्याबरोबर भात. "यू कॅनॉट गो टु ऑरेगन विदाउट राइस," मी म्हटलं. हे कुठून सुचलं, देव जाणे. काकांनी ऑरेगनच्या हवेबद्दल विचारलं, मग रस्त्यांबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल. आत धुक्यासारखा तो आवाज चढत होता, आणि टेबलाशी आम्ही तिघं तो अजिबात ऐकू येत नसल्यासारखे, माइकचीही पर्वा न करता जोरजोरात बोलत होतो. मी त्या जेवणात जेवढं इंग्रजी बोलले तेवढं आल्यापासून बोलले नव्हते. ग्लेन खाली मान घालून निमूट जेवत होता. कपाळावर घाम आला होता बिचाऱ्याच्या.

शेवटी आतला आवाज थांबला. शांत झालं. मी वाढायचं थांबवलं. काकूंनी लाटणं खाली ठेवलं.

ग्लेनने नॅपकिनने हळूहळू तोंड पुसलं. मग बंद दाराकडे बघितलं.

"ही रश्ड द एंडिंग," तो म्हणाला, आणि आणखी एका पोळीसाठी ताट माझ्यापुढे सरकवलं.