वरच्या मजल्यावरचे नाक

चंदनसारच्या आमच्या इमारतीत कान आणि तोंड चालवणारी माणसे पुष्कळ होती. नाक चालवणारे एकटे वरच्या मजल्यावरचे काका. अत्तराच्या कारखान्यात आलेला वाळा, नागरमोथा, कचोरा असा सुगंधी मुळांचा माल हुंगून पास-नापास करणे, ही त्यांची तीस वर्षांची नोकरी. नव्वदच्या दशकात ते निवृत्त झाले. नाक कामावरच राहिले. काकूंनी देवापुढे उदबत्ती लावली की ते जिन्यात जाऊन बसत. लग्नात कोणी अत्तर लावायला आले की आधी स्वतःचे कोपर हुंगत, मग हात पुढे करत. “नाक कोरं करायचं तर आपल्याच कातडीवर,” असे ते नवरदेवाच्या मामालाही समजावत. पावसाळ्यात रविवारी जूचंद्रच्या भातशेतांत जाऊन मोथ्याचे तण उपटत आणि मुळांच्या सुगंधी गाठी पिशवीत भरत. एकदा मी बरोबर होतो. शेताची मालकीण मला म्हणाली, “तुमचा म्हातारा फुकाट बेननी करतो. रोज आना त्याला.”

त्याच सुमारास तापातून उठलेल्या माझ्या बायकोला वास येणे बंद झाले. दूध दोनदा करपले. आंबलेली आमटी तिने वाढली, मी निमूट खाल्ली. तिला मात्र कशालाच चव लागेना. ती दोन घासांवर उठू लागली. डॉक्टर म्हणाले, थांबा. काका थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चार पुड्या घेऊन ते दारात उभे.

“डोळे मीट. हा वाळा. काय आलं?”

“काही नाही, काका.”

“नसेना का. वाळ्याचं सरबत प्यायली असशील, ते आठव आणि ओढ.”

तीन महिने, एकही खाडा नाही. मी शेजारी पेपर वाचत बसे. “तुझा नवरा छापून आल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही,” काका तिला म्हणत. मग एकदा कापरासारख्या वासाच्या कचोऱ्याला तिने भीतभीत “कापूर?” म्हटले. आठवड्याने दवणा ओळखला. आणि एका सकाळी वाळ्याची पुडी नाकाशी नेऊन तिने खाली ठेवली.

“काका, याला बुरशीचा वास येतोय.”

“छे. मी आत्ताच पाहिलाय. तुझं नाक अजून कच्चं आहे.”

तिने पुडी मला दिली. सिगारेट ओढणाऱ्या मलाही तो कुबट वास लगेच आला. जुडी उकलली तर आत पांढरी बुरशी. काकांनी ती पुन्हा हुंगली, बराच वेळ. मग पुडी बांधली.

“म्हणजे तुझं आलं,” ते म्हणाले. “माझं राहू दे. तीस वर्षं वापरून झालंय.”

त्या दुपारी तिने त्यांना जेवायला थांबवले. फोडणी तडतडली तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

“हिंग पडला?”

“पडला.”

“कसा आहे?”

ती सांगू लागली. काका ऐकत राहिले.