डावं दार

बोईसरजवळच्या आमच्या नवापुरातल्या रूपेशची गाडी इतकी खाली आहे की तिच्याखाली मांजरही शिरत नाही. स्प्रिंगा कापूनही त्याचं मन भरलं नाही. गाडी आणखी खाली घ्यायला पुढच्या दोन चाकांमधला लोखंडी दांडा आड येत होता, तोही त्यानं काढायला लावला. बोईसरचा मेकॅनिक निमेश म्हणाला, "अरे, वळणावर गाडी कलू नये म्हणून असतो तो." रूपेश हसला. "आमी होडीत वाढलेली माणसं. कलण्याचं आमाला काय सांगतो?"

कलण्याचं सोडा, ओझ्याचं काय? दोघं बसली की प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासायचं. मग त्याची बायको भावना खाली उतरायची, पलीकडे चालत जायची आणि पुन्हा बसायची. उन्हात, चिखलात, एकदा तर अंगात ताप असताना. "तो दांडा परत लाव ना," ती म्हणायची. "मग गाडी वर येईल," हा म्हणायचा. काय बोलणार अशा माणसाला?

एका सकाळी बोईसर स्टेशनाजवळच्या स्पीडब्रेकरला ती उतरली आणि समोर उभ्या असलेल्या पालघरच्या एसटीत चढली. तिचं माहेर पालघरजवळच्या माहीमचं. ती परत आली नाही.

काल मी स्कूटरवरून त्याच्या मागेच होतो. गाडीत तो एकटा, त्यामुळे कुठे काही घासलं नाही. तरी स्पीडब्रेकर ओलांडून तो थांबला, वाकून त्यानं डावं दार उघडलं, जरा वेळ तसाच बसला, मग दार लावून निघाला.

पुढच्या स्पीडब्रेकरलाही तेच.