पोलिकार्पोचे दगड आणि ब्रिहिदाबाई

काबानाकोंदे गावात पोलिकार्पोइतका बोलका माणूस दुसरा नव्हता, आणि गावाखालच्या कोल्का दरीत दगडांना तोटा नव्हता. या दोन गोष्टींची गाठ पडली आणि पोलिकार्पोचं बरं चाललं.

तरुणपणी तो खेचरं हाकायचा. दरीच्या तळातल्या मळ्यांमधली फळं वर आणायचा. वाटेत बोलायला दुसरं कुणी नसल्यामुळे खेचरांशी बोलायचा. पुढे लांबलांबून माणसं दरी उतरायला येऊ लागली, तेव्हा त्यानं खेचरं विकली आणि माणसं हाकायला घेतली. माणसांची एक खोड मात्र त्याला नवीन होती. ती विचारायची, "हा दगड असा वाकडा का हो?" खेचरानं असलं कधी विचारलं नव्हतं. मग पोलिकार्पो ठोकून द्यायचा. आज जो दगड शापित बैल, तोच उद्या पळून गेलेली नवरी. एकच गोष्ट दोनदा सांगायचा त्याला कंटाळा होता.

"एक दिवस पकडला जाशील," त्याची बायको सातुका म्हणायची.

"कोण पकडणार? एकदा ही दरी चढलेला माणूस परत येत नाही. गुडघेच येऊ देत नाहीत."

ब्रिहिदाबाईंचे गुडघे वेगळे निघाले. आरेकिपा शहरातल्या या निवृत्त शिक्षिका एकदा दरी उतरून गेल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी धाकट्या बहिणीला, एल्विराला, घेऊन परत आल्या. बाई काटकुळ्या, ताठ. एल्विरा गुबगुबीत, ओठांना लाली, आणि दरी उतरायला खांद्याला चामडी पर्स. मोठ्या टोपीखालच्या बाईंना पोलिकार्पोनं ओळखलंच नाही.

पहिल्या वळणावर तो थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "ही बघा नवरी. लग्नाच्या वाटेवर हिनं मागं वळून बघितलं आणि…"

"मागच्या वर्षी हा बैल होता," मागून आवाज आला.

पोलिकार्पो दचकला. "बैल… तो पलीकडचा, बाई."

"पलीकडचा पीठ चोरणारा पाद्री होता. मला नीट आठवतंय."

"मग नवरी कुठली?" एल्विरानं विचारलं.

"नवरी आज आली," ब्रिहिदाबाई म्हणाल्या.

पुढच्या दगडाशी त्यानं तोंड उघडलं, तर बाईंनी वर्गात धरतात तसं बोट वर धरलं. "विचार करून सांगा हं."

पोलिकार्पोचे कान लाल झाले. "आता नुसतं चालायचं," तो म्हणाला, आणि खरंच गप्प बसला.

तो गप्प झाला आणि वाट लांबली. खडी पायाखालून सटकायची. ऊन कातळावरून उलटून तोंडावर यायचं. ज्याला त्याला आपलेच गुडघे ऐकू येऊ लागले. तळाशी माडांच्या सावलीत एल्विरानं पाण्यात पाय सोडले, ते काढायलाच तयार होईना.

चढताना निम्म्या वाटेवर ती एका उभट दगडाशी बसली. मांडीवर पर्स, जणू आता बस येणार. "मी इथंच राहते. माझे कपडे पाठवून द्या."

"खेचर मागवतो," पोलिकार्पो म्हणाला.

"नको! त्यांचे डोळे आमच्या जावयासारखे असतात."

"ऊठ एल्विरा, शोभा करू नकोस," बाई म्हणाल्या. एल्विरा ढिम्म. तेव्हा त्या पोलिकार्पोकडे वळल्या. "अहो, सांगा ना काहीतरी."

"माझं दुकान तुम्हीच बंद केलंत, बाई."

ब्रिहिदाबाईंनी जन्मभर गणित शिकवलं होतं. त्यांनी दरीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि त्या दगडाकडे बोट केलं. "हा एक मुख्याध्यापक होता. एका रविवारी नवा कोट घालून तो एका विधवेच्या दाराशी गेला."

एल्विरानं मान वर केली. "मग?"

"मग त्या वळणावर सांगते."

एल्विरा उठली! वळणावर मुख्याध्यापकानं दार वाजवलं. पुढच्या वळणावर विधवा आत श्वास रोखून उभी राहिली. पोलिकार्पो मागून चालत होता, त्याला राहवेना. "उघडलं का दार?"

"पुढच्या वळणावर."

बाईंना धाप लागली तेव्हा त्यानं सूत्रं हातात घेतली. "तेवढ्यात त्या विधवेचं खेचर सुटलं…"

"खेचर नको!" एल्विरा ओरडली. "दाराचं बोला!"

असं करत सूर्य कड्याला टेकता टेकता तिघं वर पोचली. पोलिकार्पोच्या घरी सातुकानं मक्याचं गरम सूप पुढं केलं.

"शेवट?" एल्विरानं वाटीला हात लावला नाही.

"लग्न झालं," पोलिकार्पो म्हणाला. "बँड वाजला, सगळं गाव जेवलं."

"काही नाही झालं!" बाई ताडकन म्हणाल्या. "तिनं दार उघडलंच नाही. वाट बघून बघून तो दगड झाला." आणि तोंड धुवायला आत निघून गेल्या.

एल्विरा पोलिकार्पोकडे वाकली. "विधवेचं नाव ब्रिहिदा. हिच्याच शाळेचा मुख्याध्यापक होता तो. त्या रविवारी काय झालं, किती वर्षं विचारतेय मी. हूं की चूं नाही. नाहीतर हा कडा मी चढले असते का?"

पोलिकार्पोनं तिची गार होत चाललेली वाटी उचलून तिच्या हातात दिली.

सकाळी बस सुटताना ब्रिहिदाबाईंनी खिडकीतून त्याला हाक मारली. "पोलिकार्पो, माझ्या त्या दगडाचं लग्न लावायचं नाही हं."

"नाही लावत, बाई."

त्यानं शब्द पाळला. बाकीचे दगड अजून रोज बदलतात, तो एक तेवढा मुख्याध्यापक राहिला. मात्र गिऱ्हाईक भलं असलं, संध्याकाळ छान पडली असली, की पोलिकार्पोची जीभ शिवशिवते. मग तो एवढंच म्हणतो, "दार उघडलं नाही खरं, पण आतून कडी वाजल्याचा आवाज आला होता म्हणे."